वॉर्साचे श्रोते

पोलंडची राजधानी वॉर्सा येथें दर पांच वर्षांनीं, आक्टोबर महिन्यांत, पियानोवादनाची एक स्पर्धा भरते. तींत फ्रेदेरिक शोपाँ या एकाच रचनाकाराच्या कृति वाजवाव्या लागतात. दुसऱ्या कोणाचा एक सूरहि चालत नाहीं. वादकांच्या कौशल्याचें वर्णन करणारे जाणकार पुष्कळ आहेत, आणि माझा त्या वाद्याशीं परिचय केवळ ऐकण्यापुरता. परंतु २०२५ सालीं एकोणिसावी स्पर्धा चालू असतां त्या शहरीं राहण्याचा योग आला, आणि वादकांपेक्षां माझें लक्ष श्रोत्यांकडेच अधिक गेलें. त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

यास्ना नांवाच्या रस्त्यावर फिलहार्मोनिकचें सभागृह आहे. १९०१ सालीं उघडलेली त्याची मूळ इमारत दुसऱ्या महायुद्धांत उद्ध्वस्त झाली. आजची इमारत १९५५ च्या स्पर्धेच्या मुहूर्तावर उघडली. आंत सुमारें एक हजार माणसें बसतात, आणि येऊं इच्छिणारांची संख्या त्याच्या कित्येक पट असते. तिकिटें फार आधींच संपलेलीं. मग उरते ती ऐनवेळीं मिळणारी प्रवेशचिठी. ती घेऊन गॅलरीच्या पायऱ्यांवर बसावें, नाहीं तर भिंतीस टेकून उभें राहावें. माझी भाची तेथें शिकावयास आहे. तिच्या उत्साहापायीं आम्ही दोघी थंडीनें कुडकुडत रांगेंत उभ्या राहिलों.

रांगेंत तऱ्हेतऱ्हेचीं माणसें होतीं. कोणाजवळ चहाचा थर्मास, कोणाच्या हातांत स्वरलिपीचें उघडें पुस्तक. दोन शाळकरी मुलगे तर एका वादकाच्या डाव्या हाताविषयीं इतक्या तावातावानें भांडत होते कीं, हे क्रिकेटच्या सामन्यास आले आहेत असें वाटावें. ही तुलना मीं सहज केली. परंतु पुढें वाचनांत आलें कीं स्पर्धेचा उगमच तेथें आहे. पहिल्या महायुद्धानंतर तरुण पिढी शोपाँला हळवा व जुनाट समजूं लागली, तेव्हां येझी झुरावलेव या संगीतशिक्षकाच्या ध्यानांत आलें कीं या पोरांना खेळांतील चढाओढीचें मात्र विलक्षण वेड आहे. मग शोपाँचीच चढाओढ कां लावूं नये? १९२७ च्या जानेवारींत पहिली स्पर्धा झाली. रशियाचा लेव ओबोरिन पहिला आला, आणि पुढें रचनाकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला शोस्ताकोविच नुसतें सन्मानपत्र घेऊन परतला.

पण केवळ चढाओढीसाठीं लोक इतकी थंडी सोसत नाहींत. शोपाँनें १८३० सालीं, विसाव्या वर्षीं, वॉर्सा सोडलें तें कायमचेंच. १८४९ च्या १७ आक्टोबरला तो पॅरिसमध्यें वारला. देह तेथें पुरला, पण हृदय त्याच्या बहिणीनें मायदेशीं आणलें, आणि तें आज येथील पवित्र क्रुसाच्या चर्चमधील एका खांबांत आहे. जर्मन अंमलाखालीं त्याचें संगीत जाहीरपणें वाजविण्यास बंदी होती. उद्यानांतील त्याचा पुतळा १९४० च्या मे महिन्यांत सुरुंग लावून उडविण्यांत आला, तो १९५८ सालीं पुन्हां उभारला. १७ आक्टोबरला स्पर्धेस सुटी असते आणि सायंकाळीं त्या चर्चमध्यें मोझार्टचें रेक्विएम गातात. श्राद्धतिथीच म्हणाना!

आपल्या बैठकींत श्रोता हा अर्धा साथीदारच असतो. सम आली कीं माना हलतात, एखादी जागा साधली कीं 'वाहवा' निघते, आणि गवईहि त्या दादेकडे बघून पुढची तान घेतो. संगीत नाटकांत तर 'वन्समोअर'च्या गजरांत पहाट होई. येथें सारें उलट. वादक येतो, टाळ्या होतात, तो बसतो. आणि मग त्या हजार माणसांतून श्वासहि ऐकूं येत नाहीं. खोकला सुद्धां शिस्तीचा! एक भाग संपून दुसरा सुरू होण्याच्या आधीं साऱ्या सभागृहाला एकदम उबळ येते आणि वादकानें हात उचलतांच ती विरते. पहिल्या दिवशीं मला ही शांतता देवळांतल्यापेक्षां न्यायालयांतली अधिक वाटली. या लोकांना आनंद होतो कीं नाहीं, आणि होत असेल तर तो जातो कोठें?

गॅलरींतील पायरीवरून मला वादकाची पाठ आणि लोकांचे चेहरेच तेवढे दिसत. हळूहळू ते चेहरे वाचतां येऊं लागले. पुढचे एक गृहस्थ गुडघ्यावर बोटें चालवीत. वादकाचा हात घसरला कीं तीं बोटें मध्येंच थबकत. एक मुलगी ओंठ चावून बसे, आणि अवघड जागा सुखरूप पार पडली कीं तिचे खांदे खालीं येत. टाळ्यांचीहि एक भाषा आहे. शिष्टाचाराच्या टाळ्या चटकन सुरू होतात आणि चटकन संपतात. मनापासूनच्या टाळ्या उशिरा येतात. शेवटचा सूर विरतो, कोणी हात हलवीत नाहीं, दोन-तीन क्षण तसेच जातात, आणि मग वळवाची सर कोसळावी तशा त्या कोसळतात. मी पुढेंपुढें टाळ्यांपेक्षां त्या रिकाम्या क्षणांचीच वाट पाहूं लागलें.

तिसऱ्या फेरींत माझ्या हातून अपराध घडला. या फेरींत एक सोनाटा आणि मझुर्कांचा एक संच वाजवावा लागतो. मझुर्का हें मूळचें तीन मात्रांचें खेडवळ नृत्य. पण त्यांतील जोर कधीं दुसऱ्या मात्रेवर पडतो, कधीं तिसरीवर, आणि ती मात्राहि किंचित् लांबते वा आखडते. कागदावर उतरवितां न येणारी ही लय अंगांत मुरलेली असावी लागते. पोलिश रेडिओ १९२७ पासून मझुर्कांसाठीं वेगळें बक्षीस देतो, यावरून तिचें महत्त्व समजावें. एका वादकानें अशी एक मात्रा इतक्या अलगद लांबविली आणि तो समेवर असा येऊन उतरला, कीं माझ्या तोंडून 'वा!' निघून गेलें. मोठ्यानें नव्हे, पण तेथें तेंहि मोठेंच. दोनचार माना वळल्या. "मावशी!" म्हणून भाचीनें कोपर मारलें. शेजारच्या पायरीवर सत्तरी उलटलेल्या एक बाई होत्या. त्यांनीं माझ्याकडे असें पाहिलें कीं धरणी दुभंगेल तर बरें असें मला झालें.

मध्यंतरांत मी क्षमा मागावयास गेलें. बाई पूर्वीं शाळेंत शिक्षिका होत्या. मोडक्या इंग्रजींत, आणि अडेल तेथें भाचीस दुभाषी करून, त्या म्हणाल्या, "आवाजाचें कांहीं नाहीं. पण तो तेथें फार थांबला. तें थांबणें खोटें होतें. माझ्या बहिणीला मात्र आवडलें असतें."

मग त्यांनीं १९८० सालची हकीकत सांगितली. त्या वर्षीं युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच हा तरुण आला होता. त्याचें वादन कोणत्याहि परंपरेंत बसेना. परीक्षकांनीं त्याला अंतिम फेरींत घेतलें नाहीं. १९६५ ची विजेती मार्था आर्गेरिच परीक्षकमंडळांत होती. हा मुलगा अलौकिक प्रतिभेचा आहे असें सांगून ती राजीनामा देऊन निघून गेली. पहिलें बक्षीस व्हिएतनामच्या डांग थाय सॉनला मिळालें, आणि श्रोत्यांत दोन तट पडले. त्यांतला एक तट या बाई, दुसरा त्यांची धाकटी बहीण. धाकटीनें रडून घर डोक्यावर घेतलें. थोरलीचें म्हणणें, त्यानें शोपाँ वाजविलाच नाहीं, स्वतःला वाजविलें. शब्दानें शब्द वाढला, आणि दोघी बहिणी एका घरांत राहून कित्येक आठवडे एकमेकींशीं बोलल्या नाहींत.

"मझुर्कांवरून!" असें म्हणून बाई हांसल्या. पुढें बोलणें सुरू झालें, पण वाद मिटला नाहीं. दर स्पर्धेला दोघी येत, शेजारीं बसत, आणि मध्यंतरांत तोच वाद नव्या वादकावर घालीत. २०२० ची स्पर्धा साथीमुळें एक वर्ष लांबली. ती २०२१ सालीं झाली तेव्हां बहीण नव्हती.

"आतां मी एकटीच येतें," बाई म्हणाल्या. "कोणी असा थांबला कीं ती शेजारीं श्वास रोखतांना मला ऐकूं येते. तुम्ही 'वा' म्हणालांत ना, म्हणून मी दचकलें."

यावर काय बोलावें तें मला सुचलें नाहीं. घंटा झाली आणि आम्ही आपापल्या पायरीवर जाऊन बसलों.

श्रोते आणि परीक्षक यांचा हा बेबनाव जुनाच आहे. १९३७ सालीं चिएको हारा या जपानी तरुणीला लोकांनीं डोक्यावर घेतलें. परीक्षकांनीं घेतलें नाहीं, तेव्हां तिला एक स्वतंत्र बक्षीस देऊन लोकांची समजूत घालावी लागली. आणि १९३२ सालीं तर पहिल्या जागेसाठीं बरोबरीस आलेल्या दोघांचा निकाल नाणें उडवून लावला! इतकें काटेकोर गुणांकन करून शेवटीं छापा कीं कांटा. मला तरी त्यांत परीक्षकांचा प्रामाणिकपणाच दिसतो.

अंतिम फेरीच्या चिठ्या कांहीं आम्हांस मिळाल्या नाहींत. १८ ते २० आक्टोबर हे तीन दिवस आम्ही भाचीच्या खोलीवर पडद्यावरच वादन पाहिलें. शेवटच्या रात्रीं मध्यरात्र उलटून गेली तरी निकाल येईना. भाचीनें दोनदां चहा केला. अखेर नांवें वाचलीं: पहिला अमेरिकेचा एरिक लू. हा २०१५ सालीं येथेंच चौथा आला होता आणि २०१८ सालीं लीड्सची मोठी स्पर्धा जिंकून बसला होता. लगेच कुरबुर सुरू झाली. एवढ्या नांवाजलेल्या वादकानें पुन्हां परीक्षेस कां बसावें, असें कित्येकांचें म्हणणें, भाचीचेंहि तेंच. मला उलट वाटलें. मिळविलेलें नांव दहा वर्षांनीं पुन्हां पणास लावणें यास छाती लागते, आणि त्याच्या संथ, हलक्या हाताच्या वादनांत मला जें मिळालें तें दुसऱ्या कोणाच्या वेगांत मिळालें नाहीं. भाचीचा जीव चौथी जागा विभागून मिळालेल्या त्या सोळा वर्षांच्या चिनी मुलीवर, ल्यू तियानयाओवर. "मावशी, तुला नुसतें हळू वाजविलेलें आवडतें," ती म्हणाली. "तुला नुसतें लहान असलेलें आवडतें," मीं म्हटलें. तीन वाजेपर्यंत आम्ही भांडलों; शेवटीं खालच्या मजल्यावरून कोणीतरी काठी ठोकली.

सकाळीं मी उठलें तेव्हां ती वर्गास गेली होती. मेजावर चहा झाकून ठेवलेला, आणि बशीखालीं चिठी: "पाव फडताळांत आहे. पहिला नंबर तियानयाओचाच."