नाताळच्या आधीची वसई

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसईला जाणारे पुष्कळ. चांदण्यांचे कंदील आणि दारापुढचे गोठ्यांचे देखावे पाहायचे आणि रात्रीच्या गाडीने परतायचे. मात्र या गावांशी खरी ओळख करून घ्यायची असेल, तर चार आठवडे आधी जावे.

वसई रोड स्टेशनवरून पश्चिमेला निघाले की पापडी, गास, निर्मळ, नंदाखाल ही गावे लागतात. नव्या इमारतींच्या मधून अजूनही केळीच्या बागा डोकावतात. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. पोर्तुगीज गेले, त्यांनी आणलेला धर्म राहिला. बोली मात्र मातीतलीच. घरात सामवेदी किंवा वाडवळी, चर्चमध्ये मराठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. आजीबाईंना ती पाठ असे, पण अर्थ कळायचा तो घरच्या प्रार्थनेतच.

३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. याच सुमारास निर्मळची कार्तिकी जत्रा असते आणि तिथली सुकेळी हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांत पोहोचतात. चर्चमध्ये फादरांचा झगा जांभळा होतो. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या उभ्या राहतात आणि दर रविवारी एकेक जास्त पेटते. तिसरी गुलाबी, कारण तो रविवार आनंदाचा. पहिल्या रविवारचे शुभवर्तमान बाळाच्या जन्माविषयी बोलतच नाही. प्रभू कोणत्या घटकेला येईल ते ठाऊक नाही, तेव्हा जागे राहा, असा त्याचा सूर असतो.

हे जागे राहणे घरोघर निभवायचे असते, आणि अडचण तिथेच आहे. माणसे वाडीत राबत होती तेव्हा दिवेलागणीला सारे घरी असत. चर्चची घंटा झाली, की हातपाय धुऊन जपमाळ सुरू. आता घरातली मिळवती माणसे त्या वेळी विरार लोकलमध्ये लोंबकळत असतात आणि मुले शिकवणीला गेलेली असतात. काही घरांनी प्रार्थनेची वेळ रात्री नऊवर नेली आहे. काही घरांत आजी एकटीच माळ ओढते. आठवडाभर नाही जमले, तरी रविवारी सारे मिळून बसायचे, अशी तडजोडही दिसते. देवाला ती चालत असावी!

याहून अवघड तयारी दुसरीच. जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून बांधावरून, वाटणीवरून भावाभावांत अबोला धरलेली घरे कमी नाहीत. नाताळआधी पापनिवेदनाला जायचे, तर फादरांपुढे गुडघे टेकण्याआधी भावाच्या ओटीवर जाऊन यावे लागते. ओटी दहा पावलांवर असते, पण तेवढे चालायला कुणाला चारही रविवार लागतात. कुणी त्या वर्षी पोहोचतच नाही.

शेवटच्या आठवड्यात करंज्यांचा घाणा निघतो, मुले भाताचे तूस आणि गवत आणून गोठा रचतात. मरिया, योसेफ, मेंढ्या, गाय, सगळे जागेवर बसते. गव्हाण तेवढी रिकामी. बाळाची मूर्ती कपाटात रुमालात गुंडाळलेली असते. "आज ठेवू या का?" असे धाकटा रोज विचारतो, आणि मध्यरात्रीच्या मिस्साहून परत येईपर्यंत आजी काही किल्ली देत नाही.