दुसरी आवृत्ती



माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि बाड्यावर दोन्हींची खिचडी! तेव्हा लिहिण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे. तसा आजचा विषयही चूक हाच आहे. तो मी आमच्या घरच्या एका मोटारीच्या निमित्ताने मांडणार आहे.

सन २००१ मध्ये बाबा निवृत्त झाले. तोवर आमच्या घरी एक स्कूटर होती. आजीचे गुडघे दुखत, त्यामुळे तिला मागे बसवणे अवघड होऊन बसले होते. फंडाचे पैसे आले तेव्हा बाबांनी ठरवले की गाडी घ्यायची, आणि आपल्या शहराच्या रीतीप्रमाणे मेळ्यात घ्यायची. जानेवारी २००२ मध्ये पांढरी टाटा इंडिका दारात उभी राहिली. आजीने तिला हळद-कुंकू लावले, मी चाकाखाली लिंबू ठेवले.

ही गाडी पुण्याची, म्हणून बाबांना तिचे विशेष कौतुक. रतन टाटांनी आपल्या लोकांपुढे कल्पना ठेवली होती ती अशी : आत अॅम्बॅसॅडरएवढी जागा, बाहेरून झेनएवढा आकार, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि इंजिन डिझेलचे. रूपरेखेसाठी इटलीतील तूरिन येथील एका संस्थेचे साहाय्य घेतले. ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून जहाजाने पुण्यास आणला. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली आणि ३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात उतरली. लाखाहून अधिक लोकांनी आधीच पैसे भरून नोंदणी केली होती. लांबी जेमतेम ३.६६ मीटर, पण आत पाच माणसे ऐसपैस बसत.

परंतु पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी येऊ लागल्या. आवाज फार, थरथर फार. कंपनीने तक्रारी ऐकल्या, दोष शोधले आणि २००१ मध्ये सुधारलेली इंडिका व्ही टू आणली. आम्ही घेतली ती हीच. "व्ही टू म्हणजे काय हो?" असे आजीने विचारले तेव्हा बाबा म्हणाले, "दुसरी आवृत्ती, आई. पहिलीत जे चुकलं ते दुरुस्त केलेलं."

त्या दिवसांत मी गणित शिकवत असे. दहावीचा एक मुलगा सहामाहीत नापास झाला, तेव्हा सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हणालो, "गणित तुझ्याच्याने व्हायचं नाही." तो वार्षिक परीक्षेतही नापास झाला आणि पुढे शाळेत आलाच नाही. एकदा रात्री जेवताना मी हे सहज सांगितले. बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "अरे, एवढ्या मोठ्या कारखान्याची पहिली गाडी चुकली, तर लोकांनी त्याला दुसरी संधी दिली. आपणही आपली पुंजी लावली. आणि तू एका पोराला पूरक परीक्षेलासुद्धा बसवलं नाहीस?"

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. दाराला कुलूप होते. वडिलांची बदली झाल्याचे शेजारच्यांनी सांगितले. तो पुढे शिकला की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

इंडिका मात्र पुढच्या इयत्तांत जात राहिली. २००८ मध्ये थोडी मोठी व्हिस्टा आली. तिचे डिझेल इंजिन फियाटबरोबरच्या रांजणगावच्या कारखान्यातले, म्हणजे महागणपतीच्या गावचे! त्याच वर्षी याच टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर या कंपन्या विकत घेतल्या. २०१५ मध्ये बोल्ट आली, २०१६ मध्ये साणंदची टियागो आली. २०१८ मध्ये इंडिका बनणे बंद झाले. आमची गाडीही त्याच सुमारास गेली. डिझेल किती भरले, किती किलोमीटर झाले, याच्या नोंदींची बाबांची वही तेवढी राहिली. आता बाबाही नाहीत. मुलाने टियागोच घेतली, पण विजेवर चालणारी. डिझेलची वही त्याला लागत नाही.

मित्रहो, निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकात लाल रेघ दिसली, तर ती पहिली आवृत्ती समजा. काय चुकले ते शोधा, लपवू नका. पालकांना विनंती, त्या दिवशी शेजारच्या मुलाचे गुण विचारू नका. आणि विश्वस्तांपुढे एक प्रस्ताव ठेवतो : नववी-दहावीत मागे पडलेल्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत गणिताचे वर्ग शाळेतच विनाशुल्क भरावेत. पहिला तास मी स्वतः घेईन.

एका मुलाचे माझ्याकडून राहून गेले. आपल्या शाळेत आता कोणाचे राहू नये, एवढीच इच्छा.

सर्वांना नव्या सत्रासाठी हार्दिक शुभेच्छा!

आपला,
प्राचार्य