अंदमानचा बेत

आमच्या घरात समुद्र ओलांडणारे आम्हीच पहिले. रजा प्रवास सवलत मंजूर झाली आणि अंदमानचा बेत ठरला. पाऊस ओसरल्यावर, जानेवारीत निघायचे. तिथे हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून पहाटेच बाहेर पडायचे. सेल्युलर जेल, स्वराज द्वीपावरचा राधानगर किनारा, सारे वहीत लिहिले. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहाही लिहिल्या. पण तिकडची सडक जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. त्यांचे फोटो काढणे गुन्हा आहे. तरी गाडीच्या काचेतून ते दिसावेत म्हणून काहीजण मुद्दाम त्या वाटेने गेलेले आहेत. धाकटीने विचारले, "आपल्याला कुणी असे बघितले तर?" आम्ही बाराटांग खोडले. बंधू-भगिनींनो, जग पाहायला जरूर निघा. पण माणूस ही बघण्याची वस्तू नव्हे.