नांव नसलेलें दुखणें

ज्या दुखण्याला नांव आहे, त्याला घरांत मान आहे. कुटुंबांतील एखाद्यास मधुमेह जडला म्हणजे त्याच्या चहांतील साखर मुकाट्यानें कमी होते. एखाद्याचें हाड मोडलें म्हणजे त्याच्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहून लहान मुलेंही बाजूला सरतात. परंतु ज्याचें पोट वर्षानुवर्षें दुखतें, खाल्लेलें अन्न उलटून पडतें, आणि सर्व तपासण्या मात्र निर्दोष निघतात, त्या मनुष्याचें स्थान मोठें चमत्कारिक होऊन बसतें. तो धड रोगीही नव्हे आणि धड निरोगीही नव्हे. प्रस्तुत लेखक गेलीं अकरा वर्षें अशा अधांतरीं वस्तीला आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आपणांस आहे असें तो समजतो.

दुखण्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. जेवणानंतर घटका-दोन घटकांनीं, बेंबीच्या वर, कोणी ओलें धोतर पिळीत आणावें तशी वेदना सुरू होते. कधीं ती आपोआप मावळते. कधीं दोन-तीन वांत्या होऊन पोट रितें झाल्यावरच सुटका होते. आणि कधीं महिना महिना कांहींच होत नाहीं. बुलढाण्याहून अकोल्यास, अकोल्याहून नागपुरास असा प्रवास झाला. पोटांत दुर्बीण घातली, सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅनही झालें. शेवटीं एका तज्ज्ञांनीं कागद मिटून प्रसन्न मुद्रेनें सांगितलें, "मास्तर, तुम्हांला कांहींएक झालेलें नाहीं." जन्मभर मुलांकडून वाक्यपृथक्करण करून घेतलेल्या माणसाच्या कानाला तें वाक्य खटकलें. 'कांहीं सांपडलें नाहीं' आणि 'कांहीं झालें नाहीं' हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिलें शोधणाऱ्याच्या दृष्टीविषयीं आहे, दुसरें दुखणाइताच्या देहाविषयीं. पहिलें खरें असूनही दुसरें खोटें असूं शकतें.

आमचे पूर्वज या बाबतींत अधिक सावध होते. 'माधवनिदाना'त शूलाच्या प्रकरणीं परिणामशूल व अन्नद्रवशूल असे दोन प्रकार सांगितले आहेत. अन्न पचूं लागतांच उठतो तो पहिला. दुसरा मात्र अन्न पचलेलें असो, पचत असो वा न पचलेलें असो, केव्हांही उठतो. पथ्यानें वा अपथ्यानें, जेवून वा उपाशी राहून, त्याला नेमानें उतार पडत नाहीं. पथ्याला दाद देत नाहीं म्हणून ग्रंथकारानें रोग्यास खोटें ठरविलें नाहीं. त्यानें लक्षणें टिपलीं आणि त्यांस नांव दिलें.

आजचें शास्त्रही त्याच वाटेनें चाललें आहे. जठर व आंतडीं यांच्या भिंतींत मज्जातंतूंचें स्वतंत्र जाळें असून त्याचें मेंदूशीं अखंड दळणवळण चालतें. हें जाळें अतिसंवेदनशील झालें, अथवा जठराची हालचाल बिघडली, म्हणजे साध्या वरणभातानेंही वेदना होते. दुर्बिणीला मात्र अस्तर निरोगीच दिसतें. अशा विकारांचीं लक्षणें ठरविणाऱ्या 'रोम निकषां'ची चौथी आवृत्ति २०१६ मध्यें प्रसिद्ध झाली. ठराविक अंतरानें वांत्यांचे झटके येण्याच्या विकाराचें वर्णन तर लंडनच्या सॅम्युअल जी यांनीं १८८२ सालींच केलें होतें. जठरव्रणाचा इतिहासही बोधप्रद आहे. काळजी आणि तिखट यांवर त्याचा दोष वर्षानुवर्षें ढकलला गेला. पुढें ऑस्ट्रेलियांत बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनीं १९८२ मध्यें त्यामागील जंतु वाढवून दाखविला आणि २००५ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज ज्याचें कारण सांपडत नाहीं, त्याला कारणच नाहीं असें कसें म्हणावें?

२०२४ च्या अखेरीस आमच्याच जिल्ह्यांत, शेगांव तालुक्यांतील कांहीं गांवीं, लोकांचे केस एकाएकीं गळूं लागले. पथकें आलीं, पाणी तपासलें, रक्त तपासलें. 'हे तुमच्या मनाचे खेळ' असें त्यांना म्हणण्याची सोय नव्हती, कारण टक्कल सर्वांस दिसत होतें. वेदना दिसत नाहीं, एवढाच तिचा अपराध.

विलायतेंतील चार्ल्स डार्विन यांचें उदाहरण मला नेहमीं धीर देतें. पोटाचें दुखणें व वांत्या यांनीं त्यांस कित्येक वर्षें पिडलें. १८४९ सालीं माल्व्हर्न येथें त्यांनीं थंड पाण्याचे उपचार करून घेतले, आणि पुढें कांहीं वर्षें प्रकृतीची रोजनिशीही ठेविली. निदानाविषयीं विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु दिवसांतले जे थोडे तास बरे जात तेवढ्यांत ते काम करीत, आणि त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ १८५९ मध्यें बाहेर पडला. निदानाची वाट पाहत ते बसून राहिले नाहींत.

आणि आपल्या 'गुरुचरित्रा'च्या तेराव्या अध्यायांतील तो पोटशुळ्या ब्राह्मण कोणास ठाऊक नाहीं? अन्न हेंच ज्याचें मरण झालें, असा तो गोदातीरीं जीव द्यावयास निघाला होता. श्रीनृसिंहसरस्वतींनीं त्यास परत बोलाविलें आणि सायंदेवास त्याला जेवूं घालण्यास सांगितलें. भाविक तेथें चमत्कार पाहतात व तें योग्यच आहे. मला त्यांत आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, तो ब्राह्मण आपल्या दुःखाचें मूळ स्वतःच्या पापांत शोधतो. कारण न सांपडलेला रोगी शेवटीं स्वतःलाच कारण समजूं लागतो, हें किती खरें आहे! दुसरी, नदीकडे जाणारा तो एकटा मनुष्य वेळेवर कोणाच्या तरी दृष्टीस पडला.

एकत्र कुटुंबांत ही दृष्टि फार मोलाची आहे. आपल्याकडे अन्न म्हणजे आदर आणि आग्रह म्हणजे माया. ताटांतलें नाकारणें हा वाढणारीचा अपमान. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरण, कढी, आंबील समोर असतां मी मूठभर भातावर उठलों, तेव्हां थोरल्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. आपल्या हातांत कांहीं उणें राहिलें असें त्यांस वाटलें. कोणी नजर काढली, कोणी बेंबी सरकल्याचें सांगितलें, कोणी त्र्यंबकेश्वरीं विधि सुचविला. सर्वांचें प्रेम खरें. परंतु प्रत्येक उपाय फसला म्हणजे रोग्यास आणखी एक अपयश पदरीं घ्यावें लागे. त्यानंतर सूनबाईंनीं आपल्याच बुद्धीनें एक बदल केला. "मामंजी, आज कां नको?" असें त्या विचारीत नाहींत, "आज किती वाढूं?" एवढेंच विचारतात. पहिल्या प्रश्नाला मला जबाब द्यावा लागे, दुसऱ्याला फक्त उत्तर. दिवसांतून पांच वेळां थोडें थोडें, रात्रीचें जेवण लौकर, आणि डॉक्टरांनीं मज्जातंतूंसाठीं दिलेली अल्प मात्रेची गोळी, यांनीं झटके विरळ झाले. नाहींसे झाले नाहींत.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. वजन झपाट्यानें घटूं लागलें, वांतींत रक्त आलें, शौचास डांबरासारखें काळें झालें, घास अडकूं लागला, किंवा उतारवयांत असें दुखणें नव्यानेंच उद्भवलें, तर तें 'जुनेंच' समजून घरीं बसूं नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावें. जुन्या रोग्यासही नवा रोग होऊं शकतो.

बाकी आम्हां दुखणाइतांचें मागणें फार थोडें आहे. आमच्या ताटांतील रिकामी जागा पाहून कोणी वाईट वाटून घेऊं नये, आणि पंगतींतलें आमचें पान मात्र नेहमीं मांडावें.