थोरल्याची वही, धाकट्याची बॅटरी

आम्ही तीन भाऊ, मी थोरला. "आमचा थोरला समंजस," असे वडील आल्यागेल्याला सांगत. हा समंजसपणा मला कसा चिकटला तो ऐका. मी दहावी झालो त्या साली वडिलांची कंबर धरली आणि कासरा माझ्या हाती आला. मला विचारले कोणी नाही. विचारले असते, तर मीही हट्टी निघालो असतो!

माझ्या दोन मुलांच्या बाबतीत मी तेच केले. पाण्याची पाळी, सोसायटीचा हप्ता, डेअरीची वही, सारे बावीस वर्षांच्या थोरल्याकडे. धाकटा एकोणीस वर्षांचा, पण आमच्या लेखी शेंडेफळच. त्याला काय कळते!

गेल्या पौषात थोरला तापाने पडला. लाईट रात्रीची, गहू पाण्यावर आलेला. मी उठून पाहतो तो धाकटा बॅटरी घेऊन केव्हाच मळ्यात गेलेला. आठवडाभर त्याने पाणी दिले, वर डेअरीच्या वहीतल्या थोरल्याच्या दोन चुकाही काढल्या. मी म्हणालो, "तुला हे येते होय?" तो म्हणाला, "तुम्ही कधी सांगितलंत?"

थोरला जबाबदार आणि धाकटा लाडावलेला, ही समजूत आपल्याकडचीच नव्हे. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर यांनीही तसेच मांडले होते. पण २०१५ साली जर्मन संशोधकांनी जर्मनी, ब्रिटन व अमेरिकेतल्या वीस हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली. मनमिळाऊपणात, कामाच्या नेटकेपणात, जन्माच्या क्रमाने फरक पडलेला दिसला नाही. बुद्धीच्या चाचणीत थोरले किंचित पुढे, पण भावंडांच्या दहा जोड्या घेतल्या तर चारांत धाकटेच सरस.

मग घरोघरी तसे दिसते का? मला वाटते, बारा वर्षांचा पोर सात वर्षांच्या पोराशेजारी शहाणा दिसणारच. ती वयाची करामत. पुढे दोघे मिशीला आले तरी आपण जुन्याच नावाने हाक मारतो आणि कामेही तशीच वाटतो.

ताप उतरल्यावर थोरला हळूच म्हणाला, "अण्णा, हा आहे ना आता घरी. मी आयटीआयला जाऊ? वायरमनचं शिकायचंय." किती दिवस मनात होते कोण जाणे. मला माझा कासरा आठवला. मी वडिलांना असे विचारलेच नव्हते.

यंदा त्याचा फॉर्म भरला. धाकटा म्हणतो, "जा खुशाल, पण सुट्टीला आलास की वही परत मागायची नाही!"