हवेतलं तेल काढायचं कसं?

मेसच्या रश्श्यावरची तर्री चमच्याने बाजूला करता येते. पण तेल हवेतच मिसळलं तर? स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये नेमकं हेच होतं, आणि तेही आपणच मुद्दाम केलेलं असतं. रोटर्स थंड राहावेत, मधल्या फटी बुजाव्यात आणि वंगणही मिळावं म्हणून आत तेल सोडतात. बाहेर येते ती हवा-तेलाची खिचडी!

मी पडले कॉन्व्हेंटवाली. 'कोअलेसन्स'ची व्याख्या तोंडपाठ होती. पण तो प्रकार डोळ्यांसमोर उभा राहिला तो सुट्टीतल्या इनप्लांट ट्रेनिंगला, कॉम्प्रेसर रूमच्या ऑपरेटर काकांमुळे.

"हे बघ पोरी, मिश्रण टाकीत कडेने शिरतं, गरगर फिरतं. जड तेल भिंतीवर आपटून खाली बसतं." 99 टक्क्यांहून जास्त तेल इथेच सुटतं. उरतं ते धुक्यासारखं. ते ग्लास फायबरच्या एलिमेंटमध्ये अडकतं. "धुक्यात कोळ्याचं जाळं पाहिलंस? धाग्यावर बारीक थेंब जमतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात, मग ओघळतात. तस्संच!" पुढे जाणाऱ्या हवेत साधारण 2-3 पीपीएम तेल राहतं. ओघळलेलं तेल एलिमेंटच्या तळाशी साचतं आणि स्कॅव्हेंज लाईन नावाच्या बारीक नळीतून, दाबाच्या फरकामुळे परत कॉम्प्रेसरकडे जातं.

त्याच आठवड्यात पेंट शॉपच्या हवेत तेल येऊ लागलं. "तुम्हीच तेल जास्त भरलंत," असा ठपका काकांवर आला, नवं एलिमेंट मागवायचंही ठरलं. काकांनी शांतपणे गेज दाखवलं. एलिमेंटच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबात फरक रोजचाच, 0.3 बार. चोंदलं असतं तर तो वाढला असता, फाटलं असतं तर जवळजवळ शून्यावर आला असता. तेलाची पातळीही बरोबर होती. मात्र स्कॅव्हेंज लाईनच्या साईट ग्लासमध्ये तेल हलतच नव्हतं.

मशीन बंद करून, टाकीतला दाब पूर्ण उतरवून त्यांनी नळीचं चिमुकलं नोझल काढलं. भोक कचऱ्याने बुजलेलं! साफ करून बसवलं आणि ग्लासमधून तेल पळू लागलं.

साहेब काकांना काहीच बोलले नाहीत. एलिमेंटची ऑर्डर तेवढी रद्द केली.

ज्युनिअर्सनो, ट्रेनिंगला जाल तेव्हा कॉम्प्रेसर रूममध्ये तो साईट ग्लास जरूर बघा. आणि तिथल्या काकांशी बोला, मराठीतच.