रजा संपली की खिमट सुरू

मुलाचं उष्टावण सहाव्या-आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या-सातव्यात, असं आमच्या आया-सासवा सांगायच्या. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या नोकरदार घरांत हा सम-विषमाचा हिशेब पाळला जायचा, पण समारंभापुरता. मामाची मांडी, सोन्याच्या अंगठीने चाटवलेली खीर, चांदीची वाटी, एखादा फोटो. वरचं अन्न बाळाच्या पोटात त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असायचं, कारण ते पंचांगावर नाही, रजेवर ठरायचं. 1961च्या कायद्याने बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांची, केंद्र सरकारी नोकरीत 90 दिवसांची. त्यातले काही दिवस पोट पुढे आल्यावरच खर्ची पडत. उरलेले संपले की बाई पुन्हा फलाटावर, लोकलच्या गर्दीत.

डोंबिवलीहून व्हीटी म्हणजे जाऊन-येऊन अकरा-बारा तास घराबाहेर. दुपारी दूध दाटून यायचं, पदर ओला व्हायचा, ऑफिसच्या बाथरूममध्ये ते पिळून टाकायचं आणि इकडे बाळ पेजेवर. हे कुणी मोठ्याने बोलत नसे. बोलणं व्हायचं ते लेडीज डब्यात, तेही खिमटाच्या प्रमाणाबद्दल. मटार सोलता सोलता एकजण सांगायची, तांदळाच्या पाव हिश्श्याने मूगडाळ घ्या, धुऊन पंच्यावर पसरा, मंद भाजा, चिमूटभर जिरं टाका आणि रव्यासारखं भरड काढा. दुसरी म्हणायची, आमच्याकडे बदाम घालतात. मुलुंड येईपर्यंत बदाम घालावा की नाही यावर दोन तट पडलेले असायचे.

नाचणीच्या सत्त्वाचं मात्र बोलण्यावर भागत नसे, त्याला शनिवार-रविवार लागायचा. नाचणी बहुधा गावाहून आलेली, कोकणातल्या कुणाच्या तरी एसटीतून. निवडून तीन-चार पाण्यांनी धुवायची, रात्रभर भिजवायची, मग फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे. पावसाळ्यात त्या पुरचुंडीला आंबूस वास यायचा आणि सगळं फेकावं लागायचं, म्हणून शहाण्या बायका मे महिन्यातच वर्षाची बेगमी करत. मोड आले की वाटायचं, पाणी घालून मलमलीतून गाळायचं आणि पातेलं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं तांबूस पाणी हलक्या हाताने ओतून दिलं की तळाशी गुळगुळीत साका. तो ताटात घालून गच्चीवर. कावळ्यांवर नजर ठेवायला एखादं शाळकरी पोर बसवलेलं. संध्याकाळपर्यंत पापुद्रे सुटायचे, ते कुटून वस्त्रगाळ केले की बरणी भरायची. शिजवताना पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मगच स्टोवर ठेवायचं. गरम पाण्यात टाकलं की गाठी ठरलेल्याच.

या खटाटोपात शास्त्र होतं. मोड आल्याने धान्यातला स्टार्च सुटा होतो, लापशी दाट न होता जास्त पीठ सामावून घेते. बाळाच्या पोटाची जागा वाटीभर, तेव्हा हे मोलाचंच. पण गाळून फेकलेल्या चोथ्यात सत्त्वाचं बरंच सत्त्व जायचं, हेही खरं. ज्या कॅल्शियमसाठी नाचणीचं एवढं कौतुक, त्यातलं काही चोथ्याबरोबर मोरीत. मोड आणून वाळवून तशीच दळलेली नाचणी जास्त गुणाची, पण बाळाच्या घशात कोंडा अडकेल म्हणून आजी घाबरायची.

हे सगळं भरवायचं कुणी? आजी असली तर आजीने, नाहीतर पाळणाघरातल्या काकूंनी. डोंबिवलीत टिळकनगर म्हणा, रामनगर म्हणा, दर दोन-चार इमारतींमागे एक तरी पाळणाघर असायचं. बोर्ड नाही, काही नाही. बाहेरच्या खोलीत सतरंजी आणि आठ-दहा पोरं. आई सकाळी डबा ठेवायची, झाकणावर नेलपॉलिशने बाळाचं आद्याक्षर. सोबत चिठ्ठी: 11 वाजता सत्त्व, 1 वाजता गुरगुट्या भात, 4 वाजता केळं. काकू चिठ्ठी वाचायच्या आणि बाळाकडे पाहून आपल्याच मनाने भरवायच्या. बाळं गुटगुटीत व्हायची, त्यामुळे तक्रार कोण करणार! तूप-मेतकूट कालवलेल्या भातावर त्यांचा भर. आई संध्याकाळी धावत यायची तेव्हा त्या आधी सांगायच्या, शी कशी झाली ते.

फळांत वेलची केळं पहिलं. मधला काळसर भाग काढून काट्याने ठेचायचं. सफरचंद महाग, ते आजारपणात; डाळ-भाताच्या कुकरमध्ये वाटीत ठेवून उकडायचं नाहीतर अर्धं कापून चमच्याच्या कडेने खरवडायचं. चिकू मात्र आपलाच. डहाणू-घोलवड तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं (पालघर वेगळा झाला तो 2014 साली), आणि ठाण्याच्या जांभळी नाक्याला चिकूचे ढीग लागत. बी मोजून काढायची, दोनदा.

डब्यातलं फॅरेक्स होतंच. घाईच्या सकाळी त्याच्याइतकं सोयीचं काही नव्हतं आणि रिकाम्या डब्यात जिरं-मोहरी राहायची. पुढे 1992च्या कायद्यातल्या 2003च्या दुरुस्तीने अशा बाळ-आहाराच्या जाहिराती बंद केल्या.

2001पासून जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते. वर्षाच्या आत मध नको, मीठ-साखर नको, असं आता डॉक्टरही बजावतात. उगाळलेली गुटी गेली, अंगठीवरचा मध गेला, बरं झालं. केंद्र सरकारी रजा 1997 साली 135 दिवसांवर आणि 2008पासून 180 दिवसांवर गेली. खासगी नोकरीत पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे मिळू लागले ते 2017 साली. जांभळी नाक्यावर भाजी विकणारीला त्यातला एकही दिवस मिळत नाही.

हल्ली नाचणी सत्त्वाच्या आठवणीने डोळे पाणावणारे बरेच भेटतात. आमच्यातल्या कुणालाही विचारा, सत्त्वाची बरणी हवी की तीन महिने जास्तीची रजा. रजाच मागेल. सत्त्व काय, डोंबिवलीच्या फडके रोडवर विकत मिळतं.